गोदाकाठी 'गोदावरी' युद्धनौकेची आठवण हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या बातम्या दरवर्षी समुद्रकाठच्या शहरांतून येतात. नाशिक म्हटले की देवळालीचा तोफखाना आणि ओझरची विमाने. समुद्राशी आपला काय संबंध, असे कुणालाही वाटेल. माझे वडील पंचवीस वर्षे नौदलात होते. गेल्या महिन्यात ते गेले. त्यांच्यामुळे घरात रोज असलेली एक गोष्ट नाशिककरांपर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र.

आपल्या गोदावरीच्या नावाची युद्धनौका नौदलात होती. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, भारतीय आरेखनाची पहिली क्षेपणास्त्रवाहू फ्रिगेट. १० डिसेंबर १९८३ रोजी ती सेवेत आली आणि बाबांची नेमणूक तिच्यावर झाली. नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात; त्याच सवयीने आजी सांगायची, "मुलगा गंगेवर असतो." नव्या शेजारणींना वाटायचे, रामकुंडावर भिक्षुकी करत असणार. पुढे 'गंगा' नावाचीही युद्धनौका आली, तेव्हा बाबा रजेवर आले की समजवायचे, "आई, गंगा वेगळी. मी गोदावरीवर." आजीला ते शेवटपर्यंत पटले नाही.

बाबा इंजिनरूमचे. वाफेवर चालणारी नौका, खाली प्रचंड उकाडा आणि अखंड आवाज. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव फसला आणि बंडखोर ओलिसांना घेऊन 'प्रोग्रेस लाइट' या मालवाहू जहाजातून श्रीलंकेच्या दिशेने पळाले. 'गोदावरी' आणि 'बेतवा' यांनी त्यांना गाठून पकडले. लहानपणी मी बाबांना किती वेळा विचारले, "तुम्ही काय पाहिलंत?" ते म्हणत, "काही नाही. वरून वेगाचा हुकूम यायचा, आम्ही वाफ द्यायचो. तोफ उडाली की पायाखालचा पत्रा थरथरायचा, तेवढंच कळायचं." हे ऐकून तेव्हा माझा हिरमोड व्हायचा. आता वाटते, खालच्या माणसांनी वाफ दिली नसती तर वर कुणालाच काही दिसले नसते.

निवृत्तीनंतर ते उजव्या कानाने जवळजवळ बहिरे होते, पण सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीवर तळहात ठेवून बेअरिंग गेले की नाही ते सांगायचे. उघडा नळ दिसला की जेवणावरून उठायचे. बोटीवर गोडे पाणी मोजून मिळे.

९ डिसेंबरला मात्र ते कुणाशी बोलत नसत. १९७१ च्या युद्धात त्या रात्री दीवजवळ आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबर गेले. त्यात बाबांचे प्रशिक्षणातले सोबती होते. संध्याकाळी ते रामकुंडावर जाऊन द्रोणात दिवा सोडत. मी एकदा म्हटले, "बाबा, ही नदी तर पूर्वेला जाते, खुकरी अरबी समुद्रात आहे." ते म्हणाले, "समुद्र एकच असतो गं." दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, आपल्या बोटीच्या वाढदिवसाचा शिरा स्वतः करायचे.

'गोदावरी' २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली. गुडघ्यांमुळे बाबांना मुंबईला जाता आले नाही. त्या संध्याकाळी बराच वेळ ते गच्चीवर उभे होते.

जिच्या नावाची बोट बत्तीस वर्षे समुद्रात होती, त्या नदीच्या काठी तिचा उल्लेख मला तरी कुठे दिसलेला नाही. सिंहस्थासाठी घाटांची कामे सुरू आहेतच. त्यात एखाद्या भिंतीवर एक साधी कोनशिला लावावी. बोटीचे नाव, १९८३ ते २०१५, आणि तिच्यावर राबलेल्या नौसैनिकांना नमस्कार, एवढे पुरे. बाबांजवळचा बोटीचा फोटो मी त्यासाठी द्यायला तयार आहे.

आपली,
एका नौसैनिकाची मुलगी, नाशिकरोड