शेजारणीची रीडिंग

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर रडत होतीस आणि माझ्या मागे लॅबमधलं सेंट्रिफ्यूज घरघरत होतं, शिवाय बाहेर सहा जण रिपोर्टसाठी ताटकळलेले. धड बोलता आलं नाही. आज रविवार आहे, बाबा भाजीला गेलेत, तेवढ्यात लिहून काढते.

तुझी दुखणी दोन. एक म्हणजे आत्याच्या घरी चारचौघांत विचारलं गेलं, "नीट हुकली म्हणून बायोकेम का गं?" आणि दुसरं, लाळेतल्या अमायलेजचं, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचं, प्रॅक्टिकल फसलं तेव्हा तू जर्नलमध्ये शेजारणीची रीडिंग उतरवलीस. पहिल्यावर अर्धा तास बोललीस, दुसरं फोन ठेवता ठेवता सांगितलंस. मला रात्रभर दुसरंच टोचत राहिलं.

आधी आत्याचं उरकते. हो, नीट हुकली म्हणूनच घेतलंस, त्यात लपवायचं काय? मलाही डॉक्टर व्हायचं होतं. बी.एस्सी. केमिस्ट्री झालं, मग लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, डी.एम.एल.टी., आणि तेव्हापासून लोकांच्या रक्ताचे बल्ब, म्हणजे नमुन्याच्या नळ्या, हाताळतेय. पैशाचंही खरं सांगते. नुसत्या बी.एस्सी.वर कंपनीत क्यू.सी.ला, म्हणजे मालाची तपासणी करायला, घेतात, पगार बेताचा. माझ्यासारखं पॅथॉलॉजीत बसायचं तर वर डी.एम.एल.टी. लागेल. संशोधनाकडे जायचं तर एम.एस्सी. आणि त्यासाठी जॅमसारखी प्रवेशपरीक्षा. म्हणजे पाच वर्षं धरूनच चाल. आत्याला सांग, पाच वर्षांनी विचारा.

पण हा विषय म्हणजे कुणाचा उरलासुरला घास आहे असं मनात धरून बसू नकोस. शुगरच्या किटची बाटली रोज माझ्या हातात असते. नोकरीला लागल्यावर कित्येक वर्षं मी ती नुसती ओतत होते. मग एकदा आतला कागद नीट वाचला. त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज ज्या बुरशीतून काढतात, ती आपल्या घरातलीच. कांद्याची वरची साल काढल्यावर काळी भुकटी हाताला लागते ना, ती ॲस्परजिलस नायजर. दुसरं एन्झाइम पेरॉक्सिडेज, ते हॉर्सरॅडिश नावाच्या परदेशी कंदातलं, मुळा-मोहरीच्याच कुळातला. पहिलं एन्झाइम ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, दुसरं त्याच्या जोरावर रंग आणतं. ३७ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवलं की नळीत पातळ कोकम सरबतासारखा गुलाबी रंग उतरतो, तो ५०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. युरियाच्या किटमधलं एन्झाइम युरिएज तर जॅक बीनमधून, आपल्या अबईच्या शेंगेची ती सख्खी बहीण. १९२६ साली सम्नरने त्याच शेंगेच्या पिठातून युरिएजचे स्फटिक काढले आणि एन्झाइम हे प्रोटीन असतं असं सांगितलं. वीस वर्षांनी त्याला नोबेल मिळालं. शिकारीत झालेल्या अपघातामुळे सतराव्या वर्षीच त्याचा डावा हात गेला होता. एका हाताने पिपेट धरून बघ एकदा.

कमला सोहोनींचं नाव तुमच्या मॅडमनी घेतलं असेलच. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. पदरात असताना बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत, तेव्हा अटी घातल्या: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, काम पसंत पडलं तरच पुढचं. त्यांनी तिथे डाळींतल्या आणि दुधातल्या प्रोटीनवर काम केलं, मग केंब्रिजला जाऊन बटाट्यात सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनातलं प्रोटीन शोधलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. घेतली. परत आल्यावर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरेवर काम. डाळ, दूध, बटाटा, नीरा. मला बाईंना घातलेल्या त्या अटींपेक्षा ही यादी जास्त आवडते.

आता तुझी रीडिंग. त्याआधी माझी एक गोष्ट ऐक, बाबांनासुद्धा पूर्ण माहीत नाही.

तू व्हायच्या आधीची. एका गावातल्या कॅम्पचे नमुने आले होते. राखाडी टोपणाचे बल्ब तिथे संपले म्हणून काही रक्त साध्या बल्बमध्ये घेतलेलं. सकाळी आठला काढलेलं रक्त माझ्या टेबलावर आलं दुपारी चारला, उन्हात फिरलेल्या जीपमधून. एका निवृत्त गुरुजींची उपाशीपोटीची शुगर आली ६१. मी ब्लँक, म्हणजे रक्ताशिवायची नळी पाहिली, स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या साखरेची नळी पाहिली, दोन्ही चोख. लिहून टाकलं ६१. गुरुजी गोळ्यांवर होते. शुगर उतरतेय असं समजून त्यांची गोळी अर्धी झाली. पंधरा दिवसांनी आले तेव्हा २२०.

मी खोटा आकडा लिहिला नव्हता बघ. चार वाजता त्या बल्बमध्ये ६१च होती. गुरुजींच्या अंगात आठ वाजता ती नव्हती, एवढंच. रक्त अंगाबाहेर काढलं तरी तांबड्या पेशी ग्लुकोज खातच राहतात, तासाला पाच ते सात टक्के, उन्हात त्याहून जास्त. तू पाठ करतेयस त्या ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज तोडायच्या, दहा पायऱ्या बल्बमध्ये चालूच असतात. राखाडी टोपणाखालचं फ्लोराइड नवव्या पायरीवरच्या इनोलेज या एन्झाइमला अडवतं. तेही लगेच नाही हं, पहिला तासदीड तास शुगर घसरतेच. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. बल्बचं टोपण मात्र पाहिलं नाही.

गुरुजींना काही झालं नाही, गोळी परत पूर्ण केली. ते मला काही बोललेही नाहीत. पण अजून साधा बल्ब हातात आला की मी आधी घड्याळ बघते.

म्हणून विचारते, स्टार्च असेतो आयोडीन निळं, अमायलेजने तो तोडला की रंग जातो, मग तुझ्या नळीत वीस मिनिटं ते निळंच का राहिलं? शेजारणीचा रंग चार मिनिटांत गेला, तिचं ते तिच्यापाशी. तुझ्या वॉटर बाथचा थर्मामीटर तू स्वतः वाचलास का? थर्मोस्टॅट अडकून पाणी सत्तरला गेलं असेल तर अमायलेज शिजलंच. नळीत मीठ घातलं होतंस? लाळेतल्या अमायलेजला क्लोराइड लागतं, आणि ते अर्धा मिली मिठाचं पाणी गडबडीत हमखास राहून जातं. लाळ दहापट पातळ करायची ती शंभरपट तर नाही ना केलीस? तुझ्या हातचं ताक आम्ही प्यायलोय, म्हणून विचारलं. आणि हे तिन्ही नसेल तर अजून एक आहे: अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसामाणसात कमी-जास्त असतात. पिढ्यान्‌पिढ्या पिष्ट खाणाऱ्या लोकांमध्ये त्या सरासरीने जास्त, असं २००७ साली छापून आलं होतं. भाकरी-भातावर वाढलेल्या घरातली तू, तरी तुझ्या वाट्याला कमी आल्या असतील, कुणी सांगावं. मला वाटतं मीठच राहिलं असणार.

ते पान फाडू नकोस. त्याच्या पुढच्या पानावर तुझी खरी रीडिंग लिही, वीस मिनिटांपर्यंत निळं, आणि मॅडमना दोन्ही पानं दाखव. रागावतील. जर्नलचे मार्क कापतील, कापू देत. मग नळी परत लावू का विचार. एका वेळी एकच गोष्ट बदल, आधी मीठ, मग बाथ. दोन्ही एकदम बदलून रंग गेला तर तुला काय कळणार?

बाबा आले, मेथी आणलीय म्हणतात, म्हणजे ती निवडायचं काम माझंच.

शिंदे काकांबरोबर डबा पाठवतेय. पातळ पोह्यांचा चिवडा आहे, रूममधल्या सगळ्यांना दे. फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी खाऊ नकोस, आणि खाल्लासच तर खळखळून चूळ भरून मग लाळ घे. नाहीतर पोह्यांचा स्टार्च तुझ्या नळीत जाईल आणि परत निळं.

तुझी,
आई