बाबांचं स्टूल

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा माळ्यावरचा पितळी डबा काढायला पुन्हा स्टुलावर चढले, हे आईकडून कळलं. ओरडत नाही. "आपलं काम आपण" हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. म्हणून तुमच्याच पंथाच्या मूळपुरुषाबद्दल लिहिते.

सॅम्युएल स्माइल्स, स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टनचा, जन्म १८१२. शिकला डॉक्टरकी, मग इंग्लंडमधल्या लीड्सला वर्तमानपत्राचा संपादक, पुढे रेल्वे कंपनीत सेक्रेटरी. त्याचं 'सेल्फ-हेल्प', म्हणजे स्वावलंबनावरचं पुस्तक, १८५९ साली आलं. आधी एका प्रकाशकानं ते परत केलं होतं, शेवटी खर्चाची जोखीम यानंच घेतली. पहिल्याच वर्षी वीस हजार प्रती खपल्या. १८७१ साली ते जपानीत गेलं, आणि मागाचे शोध लावणाऱ्या साकिची तोयोदानंही ते वाचलं. वाचताना मला मात्र मधूनमधून डुलकी लागली. कष्टाळू माणसांच्या चरित्रांचा नुसता सपाटा!

खरी गंमत पुस्तकाच्या जन्मात आहे. लीड्समधली दोन-तीन गरीब पोरं हिवाळ्यात संध्याकाळी एकाच्या खोपटात जमायची. ज्याला वाचता येई तो दुसऱ्याला वाचायला शिकवी, ज्याला हिशेब येई तो हिशेब. पोरं वाढली, खोपटं पुरेना. मग त्यांनी एक मोठी, कळकट खोली भाड्यानं घेतली. तिथं पूर्वी कॉलऱ्याचा दवाखाना होता, त्यामुळे दुसरं कुणी ती घेईना. तिथं स्माइल्सला बोलायला बोलावलं, आणि त्या व्याख्यानांतून पुस्तक झालं. त्याचे स्वतःचे वडील १८३२ मध्ये कॉलऱ्यानंच गेले होते. अकरा पोरं पदरात असताना आईनं दुकान चालवलं आणि याचं शिक्षण थांबू दिलं नाही.

बाबा, पुढच्या आवृत्तीत त्याला खुलासा करावा लागला. पुस्तकाच्या नावावरून लोकांना तो आपमतलबीपणाचा गौरव वाटला. स्वतःला मदत करायची तर शेजाऱ्यालाही करायला हवी, असं त्याचं म्हणणं.

तेव्हा शेजारच्या पोराला हाक मारा. डबा त्याच्याकडून उतरवून घ्या आणि त्याचं गणित तुम्ही घ्या, यंदा दहावीला आहे तो.

आई, गुडघ्याचं तेल शनिवारी आणते. स्टूल मात्र परत जाताना मी गाडीत टाकून घेऊन जाणार आहे.

तुमची,
ताई