तुझ्या पाच सेकंदांबद्दल

प्रिय मधू,

वहिनींचा फोन येऊन गेला. होल्टरमध्ये, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणाऱ्या त्या यंत्रात, तुझ्या ठोक्यांत पाच सेकंदांचा खंड सापडलाय, डॉक्टर पेसमेकर बसवा म्हणतायत आणि तू 'झोपेत सगळ्यांचंच होतं' म्हणून टोलवतोयस. झोपेत ठोके मंदावतात, कबूल. पण तुझा खंड भरदुपारी, जागेपणी आलाय, आणि त्याआधी तू दोनदा भोवळ येऊन पडलायस. वकिली पुरे.

माझंही असंच चाललं होतं. जिन्यात धाप लागायची, मी वयाला दोष द्यायचो. नाडी निघाली ३४! ईसीजीत कम्प्लीट हार्ट ब्लॉक. माझ्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोका सुरू करणारी विजेची ठिणगी वेळेवर पडायची, पण खाली जायची वाटच बंद. खालचे कप्पे आपल्या मनाने रेटत होते. तुझी वाट शाबूत आहे, ठिणगीच अधूनमधून दांडी मारते.

तुझी खरी भीती मला ठाऊक आहे: 'आयुष्यभर यंत्रावर जगायचं?' मलाही वाटायचं, ते सारखं धक्के देत बसणार. प्रत्यक्षात ते कान देऊन असतं. ठोका आपला आपण पडला तर गप्प, वेळेत नाही पडला तरच बारीकसा इशारा. माझ्याकडे त्याला जवळजवळ प्रत्येक ठोक्याला राबावं लागतं. तुझ्याकडे बराच वेळ बसूनच राहील.

एक मात्र नीट समजून घे. तुला मधूनमधून एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे वरचे कप्पे बेताल थरथरण्याची, धडधडही होते. ती पेसमेकरने थांबत नाही, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. त्या थरथरीत हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. फायदा असा, की ठोके आवरणारी जी गोळी आज तुझी नाडी फार खाली नेईल म्हणून द्यायला डॉक्टर कचरतात, ती पेसमेकर असला की देता येते.

१९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सनना जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवला. तो काही तासच चालला. पुढे वीसहून जास्त बदलले आणि गृहस्थ २००१ पर्यंत जगले, तो बसवणारा शल्यचिकित्सक आणि बनवणारा इंजिनिअर, दोघांच्याही मागे! त्या दोघांच्या मागे तगादा लावला होता लार्सनबाईंनी. वहिनींना सांगू नकोस, जोर चढेल.

ऑपरेशन किरकोळ. जागा बधिर करतात, गळपट्टीच्या हाडाखाली छोटी चीर, शिरेतून तार. खरा वैताग नंतरचा: काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. भांग पाडताना माझी फार पंचाईत झाली. मोबाइल छातीच्या खिशात ठेवायचा नाही, एवढं लगेच अंगवळणी पडतं. बॅटरी साधारण आठ-दहा वर्षांनी बदलावी लागते.

तोवर गाडीची किल्ली वहिनींकडे दे. आणि तारीख ठरली की कळव, येतो. पुढून बटणं असलेले दोन सैल शर्ट काढून ठेव, डोक्यावरून घालायचे नकोत.

तुझा,
बाळ्या