रंकाळ्याचा नकाशा काढण्याआधी कट्ट्यावर या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रंकाळा तलावाच्या सुशोभीकरणाची बातमी आम्हा कोल्हापूरकरांना नवी नाही. अधूनमधून येतेच. सोबत बहुतेक वेळा संगणकावर काढलेलं चित्र असतं: निळंशार पाणी, खजुराची झाडं, रंगीत कारंजी आणि काठानं चाललेली गोरीगोमटी माणसं. त्या चित्रात मी दर वेळी एक गोष्ट शोधतो. म्हैस. अजून सापडलेली नाही.

म्हशी पुन्हा पाण्यात सोडा असं माझं म्हणणं नाही. पण इथं पिढ्यान्‌पिढ्या म्हशी धुतल्या गेल्या, धुण्याची चावी म्हणतात तिथं गल्लीच्या गल्ली धुणं घेऊन यायची, हे ज्याला माहीत नाही त्यानं काठाचा आराखडा काढला तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी तळ्याचा होतो. रंकाळा मुळात दगडाची खाण. इथलाच दगड अंबाबाईच्या देवळाला गेला, असं जुनी माणसं सांगतात. पाणी उतरलं की त्यात बुडालेला जुना दगडी संध्यामठ वर येतो आणि शहराला उन्हाळा कळतो. अशा जागेचं काही करायचं असेल तर आधी विचारावं लागतं. कुणाला, कधी आणि कुठं विचारायचं, एवढ्यासाठीच हे पत्र.

मी निवृत्त माणूस. सकाळी साडेपाचला टॉवरपासून निघतो आणि पद्माराजे उद्यानापर्यंत जाऊन परततो; गुडघे ऐकतील त्या दिवशी शालिनी पॅलेसच्या अंगानं पुरती फेरी मारतो. पहाटेचा रंकाळा म्हाताऱ्यांचा आणि तालमीतल्या पोरांचा. दहा-अकरानंतर काठावर कॉलेजची जोडपी आणि झाडाखाली डबा खाणारे गवंडी. दुपारी तीनला कणसाची शेगडी पेटते, सहानंतर भेळेच्या गाड्यांपुढं उभं राहायला जागा नसते. एकाच कट्ट्यावर दिवसभरात चार वेगळी गावं बसून जातात आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नसते.

यातलं बारीक काय असतं ते सांगतो. माझ्या बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या पहिल्या दिवशी ती चालताना माझ्याशी काही बोलली नाही, मनात मोजत होती. घरी आल्यावर म्हणाली, "मला एकशेचाळीस पावलांनी टेकायला लागतं. आणि बाक असून भागत नाही, त्याला हात पाहिजे, नाहीतर उठताना तुम्हाला हाक मारायला लागते." पाठीशिवायच्या, हाताशिवायच्या गुळगुळीत दगडी बैठका चित्रात फार देखण्या दिसतात. त्यावर बसलेली बाई उठणार कशी, हे चित्रकाराला कुणी सांगितलेलं नसतं. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे आणि ते संध्याकाळी उघडं असतं का, यावर कितीजणी फिरायला येतात ते ठरतं. हेही मला तिनंच सांगितलं. चाळीस वर्षं फिरतोय, माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता "लोकसहभाग" म्हणून काय होतं ते. दोन वर्षांपूर्वी मुलीकडं दुसऱ्या शहरात होतो. नाव घेत नाही. तिथल्या तळ्याकाठच्या बागेसाठी नागरिकांची सभा होती. बुधवार, सकाळचे अकरा, वातानुकूलित सभागृह. हजर माणसं माझ्यासारखी पेन्शनर. पडद्यावर सहा मिनिटांची फिल्म दाखवली, मग चहा-बिस्किट, मग इंग्रजीतला कागद. प्रश्न असे की प्रकल्प आवडला का, फार आवडला का. मागच्या खुर्चीवर एक शेंगदाणेवाली बाई बसली होती, कुणीतरी आणून बसवलेली. तिनं उठून विचारलं, "ह्यात माझी पाटी कुठं हाय?" सल्लागार साहेबांनी पुन्हा फिल्म लावली आणि एका हिरव्या चौकोनावर लाल ठिपका फिरवला. दुसऱ्या टप्प्यात, म्हणाले. बाई बसली. सभेचा वृत्तांत नक्की "नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद" असा झाला असणार.

असं काम किती महागात पडतं ते मुंबईच्या पवई तलावानं दाखवलं आहे. तलावाकाठी सायकल ट्रॅक घालायचं ठरलं, विरोध झाला, तरी काम सुरू झालं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि मे 2022 मध्ये न्यायालयानं ते बांधकाम बेकायदा ठरवून काढून टाकायला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. म्हणजे घालायचा खर्च वेगळा आणि उपसायचा वेगळा. तलावाकाठी भराव टाकू नका, हे सांगणारी माणसं पहिल्या दिवसापासून तिथंच होती.

विचारायची सोय नाही असंही नाही. शहरांच्या कारभाराची 74 वी घटनादुरुस्ती होऊन तीस वर्षं उलटली, प्रभाग समित्या त्यातूनच आल्या. 2009 साली राज्यानं कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद केली. आमच्या गल्लीत क्षेत्रसभा म्हणजे काय असं विचारलं तर लोक सोसायटीची मीटिंग समजतील. पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. त्यातही बाकडी आणि फरश्याच जास्त येतात म्हणतात. येईनात का, निदान बाक कुठं हवा हे बसणारा तरी सांगतो.

आणि रंकाळ्यापुरतं बोलायचं तर बाक, दिवे, कारंजी हे सगळं नंतर. आधी पाणी. नाल्यांचं सांडपाणी, त्यावर पोसलेली जलपर्णी, मधल्या काळात हिरवं पडलेलं आणि घाण मारणारं पाणी हे या शहरानं सोसलंय. कुठल्या वळणावर, कुठल्या वेळेला वास सुरू होतो, हे रोज चालणाऱ्याला नाकानं ठाऊक असतं. पहिल्या पावसात कुठून काळं पाणी उतरतं ते भेळवाला उभ्या जागेवरून दाखवेल. हे कुठल्या सर्वेक्षणात येत नाही, कारण सर्वेक्षणाची माणसं कोरड्या दिवशी येतात. गणेशमूर्ती रंकाळ्याऐवजी जवळच्या इराणी खाणीत विसर्जित करायची सवय याच शहरानं लावून घेतली, तेव्हा लोक ऐकत नाहीत हे कारणही चालणार नाही. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला त्या वेळी अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं होतं. बागेच्या नकाशासाठी तेवढी वेळ येऊ नये, इतकंच.

तेव्हा विनंती अशी. उद्या आराखड्याचं काम निघालंच तर नकाशा रंगवून आणू नका, कोरा आणा. टॉवरपाशी एक टेबल टाका, पहाटे एकदा, भर दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा, सलग आठवडाभर. कागद मराठीत असू द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी लिहून घेणारी पोरं कॉलेजात मिळतील. लोकांनी काय सांगितलं, त्यातलं काय घेतलं आणि काय का घेतलं नाही, याचा फलक तिथंच लावा. फलकाच्या खर्चाला आमचा फिरणाऱ्यांचा कट्टा वर्गणी काढेल.

टेबलाशेजारी दोन खुर्च्याही ठेवा, हाताच्या. बायको येणार आहे.

आपला,
एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर