क्वाड बाईकच्या ओरखड्यांना रंग हा उपाय नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती आटोपले की कोकण किनाऱ्यावर पर्यटनाच्या हंगामाची तयारी सुरू होते आणि त्याबरोबर वाळूत फिरवण्याच्या जुन्या क्वाड बाईकच्या, म्हणजे जाड टायरांच्या उघड्या चारचाकी एटीव्हींच्या, खरेदी-विक्रीलाही वेग येतो. एकदोन हंगाम एखाद्या किनाऱ्यावर राबलेली एटीव्ही स्वस्तात घ्यायची, तिच्या खरवडलेल्या बॉडीवर स्प्रेचा हात मारायचा आणि दिवाळीच्या सुट्टीला पर्यटकांसमोर उभी करायची, असे अनेक जण करतात. मी दापोली तालुक्यात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. रंगावरच माझे पोट चालते, तरीही या गाड्यांच्या प्लास्टिकवर रंग मारू नये, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्याच पोटावर पाय कशाला आणतोस, असे शेजारचे गॅरेजवाले विचारतात. परंतु सहा महिन्यांत पोपडे सुटलेली गाडी पुन्हा दारात आली की शिव्या पेंटरनेच खायच्या असतात.

मोटारीच्या पत्र्यावर रंग हा वरून दिलेला थर असतो. बहुतेक क्वाड बाईकच्या मडगार्डांचे तसे नसते. ती पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन या प्लास्टिकची असून रंग साच्यात ओतण्यापूर्वीच त्यात मिसळलेला असतो, त्यामुळे लाल मडगार्ड आरपार लाल असते. जांभ्याच्या गडग्याला घासून किंवा करवंदीच्या जाळीतून जाऊन जो पांढरा ओरखडा उठतो, तिथला रंग गेलेला नसतो. प्लास्टिक ताणले जाऊन त्यात अतिसूक्ष्म पोकळ्या पडतात, कडेला उसवलेले तंतू उभे राहतात आणि त्यांच्यावर उजेड विखुरल्यामुळे ती जागा पांढरी दिसते. जो रंग मुळात गेलेलाच नाही, तो वरून परत देण्यात काय हशील?

शिवाय दिलेला रंग तिथे टिकतही नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या धुतलेल्या पॅनेलवर पाणी शिंपडून पाहावे. ते पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होऊन ओघळून जाते. ज्या पृष्ठभागाला पाणी धरत नाही त्याला साधा प्रायमरही धरत नाही. कारखान्यात असे प्लास्टिक रंगवायचे झाल्यास आधी त्यावरून ज्योत फिरवून किंवा रंग धरण्यासाठी क्लोरिन असलेल्या विशिष्ट रसायनाचा हात देऊन त्याचा पृष्ठभाग तयार करून घेतात. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या डब्यातल्या स्प्रेमध्ये ही तयारी नसते. त्यातच मडगार्ड खड्ड्यागणिक लवते आणि रंगाचा कडक थर लवत नाही. मग नखाने काढता येतील असे पोपडे सुटतात. त्याखाली लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरलेली असेल तर ती ढलप्यांनी निघते.

म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी प्लास्टिक कोणते आहे हे ओळखले पाहिजे. पॅनेल खोलून आतल्या बाजूला पाहिल्यास बहुधा कोनकंसात पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीई (पॉलिइथिलीन) किंवा एबीएस (हे तिसऱ्या जातीचे प्लास्टिक) अशी इंग्रजी अक्षरे उठवलेली आढळतात. ती झिजून गेली असल्यास आतल्या कडेची एक बारीक कातळी काढून बादलीभर विहिरीच्या पाण्यात टाकावी. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब आधी टाकावा, अन्यथा हलकी कातळी पाण्याच्या ताणावरच तरंगत राहते आणि फसवते. पाण्याची घनता 1 धरली तर पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे 0.90 आणि पॉलिइथिलीनची सुमारे 0.95 असल्यामुळे ती दोन्ही वर राहतात; एबीएसची 1.05 च्या आसपास असल्यामुळे ते तळाला जाते. टाल्कची (एका खनिजाच्या भुकटीची) भर घातलेले पॉलिप्रॉपिलीनही कधी बुडते, त्यामुळे अक्षरे सापडली तर त्यांच्यावरच विश्वास ठेवावा. हा भेद महत्त्वाचा अशासाठी की थिनरने पॉलिप्रॉपिलीनला सहसा काही होत नाही, पण एबीएस त्यात विरघळू लागते; आणि जी उष्णता पॉलिप्रॉपिलीनला मानवते, तिने एबीएसचे पॅनेल वेडेवाकडे होऊन बसते.

यानंतरचे काम कष्टाचे आहे, पण अवघड नाही. पॅनेल गाडीवरून उतरवणे पहिले, कारण पुढे लागणारी हीट गन (कडक गरम हवेचा झोत सोडणारे हत्यार) पेट्रोलच्या टाकीजवळ चालवणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे. उतरवलेले पॅनेल वाहत्या पाण्याखाली मनसोक्त धुवावे. कोरड्या फडक्याने पुसण्याची जी सवय किनाऱ्यावर सगळीकडे दिसते, तिनेच निम्मे ओरखडे पडत असावेत असे माझे मत आहे, कारण वाळूतले क्वार्ट्झ पोलादाच्या पात्याहून कठीण असते आणि फडके ते प्लास्टिकवर फिरवत राहते. धुऊन सुकल्यावर खोल चऱ्याच्या कडांना उभे राहिलेले तंतू आधी ब्लेडने काढावेत. ब्लेड पृष्ठभागाला काटकोनात धरून आपल्याकडे ओढायचे; तिरपे धरले की ते रुतते आणि एका चऱ्याचे दोन होतात. नीट ओढले गेल्यास पेन्सिल तासल्यासारखी बारीक कीस पडते आणि बोट फिरवल्यावर कड लागेनाशी होते.

पुष्कळ जण थेट पॉलिश पेपर हाती घेतात आणि इथेच फसतात. हे प्लास्टिक मऊ आणि चिवट असल्यामुळे कोरड्या पेपरखाली ते घासले न जाता पिंजले जाते. पेपर नेहमी पाण्यातूनच चालवावा. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक; खोल चऱ्याला 320 नंबरपासून, वरवरच्या ओरखड्याला 600 पासून सुरुवात करून 800, 1000 आणि शेवटी 1500 पर्यंत यावे. मधला नंबर गाळला की आधीच्या पेपरच्या रेघा शेवटपर्यंत दिसत राहतात. इतके करूनही पॅनेल मंद, धुरकट दिसते आणि नवखा माणूस धीर सोडून स्प्रेच्या डब्याकडे वळतो तो याच टप्प्यावर.

खरी जादू त्यानंतरच्या हीट गनमध्ये आहे. हजार-दोन हजारांची गन या कामाला पुरते. ती एका जागी न थांबवता वीतभर अंतरावरून सारखी फिरवत राहिले की धुरकट पृष्ठभाग पाहता पाहता ओला झाल्यासारखा गडद होतो आणि पांढऱ्या रेघा नाहीशा होतात. जागा चमकली की त्याच क्षणी गन पुढे न्यावी. पॉलिप्रॉपिलीन 160 ते 165 अंश सेल्सिअसला वितळते, तर पॉलिइथिलीन 130 च्या आसपासच; त्यामुळे दुसऱ्याच्या बाबतीत हात अधिक चपळ हवा. एबीएसला मात्र ही गन दाखवूच नये. त्याला 2000 च्या पेपरनंतर रबिंग कंपाउंडनेच चमक आणावी.

ओरखड्याबरोबर चीर असेल तर फेविक्विक किंवा एम-सीलच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. रंग ज्या कारणाने धरत नाही त्याच कारणाने तेही या प्लास्टिकला धरत नाहीत. चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडले म्हणजे ती पुढे धावत नाही, आणि मग आतल्या बाजूने त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवून भरावी. पॉलिइथिलीनच्या पॅनेलसाठी हर्णैसारख्या बंदरात फुटून पडलेल्या मासळीच्या क्रेटचा तुकडा कामी येतो, कारण ते क्रेट बहुधा त्याच प्लास्टिकचे असतात. मात्र उन्हाने पिठूळ झालेला वरचा थर तासून आतला निबर भागच घ्यावा. पीपीच्या पॅनेलला पीईची पट्टी जोडली तर सांधा दिसायला छान येतो आणि पहिल्याच खड्ड्यात सुटतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. ऊन लागून पांढुरके पडलेले प्लास्टिक आणि ओरखडलेले प्लास्टिक यांत फरक आहे. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलीनचे रेणूच तुटतात, पृष्ठभागाला जाळीदार भेगा पडतात आणि बोटाला पीठ लागते. वरचा थर घासून काढल्यास खालचा रंग उजळतो; परंतु भेगा खोलवर गेल्या असतील आणि पॅनेल दाबल्यावर करकरत असेल, तर ते बदलणेच बरे. खाऱ्या हवेने प्लास्टिक कुजते हा समज चुकीचा आहे. खारे वारे खातात ते पॅनेल धरून ठेवणारे बोल्ट आणि पट्ट्या. गाडी दिवसभर उघड्या पुळणीवर न ठेवता सुरूच्या सावलीत उभी केली, तरी प्लास्टिकचे आयुष्य पुष्कळ वाढते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. विकण्यापूर्वी बॉडीवर खोबरेल तेल, जुने इंजिन ऑईल किंवा सिलिकॉनचे पॉलिश चोपडण्याची चाल आहे. त्याने ओरखडे भरून आल्यासारखे दिसतात आणि दोनचार धुण्यांत पुन्हा उघडे पडतात. साबणाच्या पाण्यात बुडवलेले पांढरे फडके घेऊन एक कोपरा नीट पुसावा आणि सीट उचलून खालच्या प्लास्टिकचा मूळ रंग बाहेरच्याशी ताडून पाहावा. ओरखडे किती आहेत यापेक्षा ते कुठे आहेत हे अधिक बोलके असते. मडगार्डांच्या बाहेरच्या कडेवरचे चरे झुडपांचे किंवा गडग्याचे असू शकतात. पण हँडलची टोके, पुढच्या पॅनेलचा माथा आणि मागचे कॅरिअर एकाच बाजूने खरवडलेले असतील, तर गाडी उलटलेली असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे चेसिस व स्टिअरिंगचे सांधे तपासल्याशिवाय व्यवहार करू नये. बॉडी उत्तम घासून दिलेल्या गाडीत हे पुरावेही पुसले जातात. म्हणूनच काम करणाऱ्याने आधीची छायाचित्रे काढून ती मालकाला द्यावीत आणि मालकाने ती गिऱ्हाइकापासून लपवू नयेत.

घासण्यातून निघणारा चोथा हेही प्लास्टिकच आहे. तो पाण्याबरोबर पऱ्ह्यात सोडला तर खाडीत जातो आणि खाडीतून समुद्रात. पॅनेल पाटीत ठेवून घासावे, पाणी जाड फडक्यातून गाळावे आणि उरलेला गाळ सुकवून कचऱ्यात द्यावा. पेपर पाण्यातून चालवल्याने धूळ उडत नाही हे खरे असले, तरी हीट गन आणि वितळवण्याच्या कामाला मोकळी हवा हवीच.

आपल्या वृत्तपत्रामार्फत तालुक्यातालुक्यांतील आयटीआयना एक विनंती करावीशी वाटते. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे खेळ बंद असतात आणि या गाड्या ताडपत्रीखाली पडून असतात. त्या दिवसांत मालकांकडून मोडकी पॅनेले मागून घेऊन गॅरेजमधल्या मुलांसाठी प्लास्टिक ओळखणे, घासणे आणि वेल्डिंग यांचे एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवता येईल. तसे ठरल्यास माझी हीट गन आणि भंगारात जमा केलेली मडगार्डे घेऊन मी यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एक पेंटर, ता. दापोली, जि. रत्नागिरी