आरोग्यमंत्री साहेब, मोठ्या पोरींची रुबेलाची लस राहूनच गेली

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपुरात येताच म्हणून इथूनच लिहून राहिलो. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढायचा अन् मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर पोलिसांनी अडवायचा, तेवढा वेळ आमच्या घरात कोणाजवळ नाही बाप्पा, पुतण्याच्या मागं सगळे धावून राहिले.

वहिनीला दुसरा महिना होता. दोन दिवस कणकण, चेहऱ्यावर अन् पाठीवर बारीक लाल पुरळ, कानामागं गाठी. गल्लीतल्या डॉक्टरनं उष्णता सांगितली, आईनं सब्जाचं पाणी पाजलं, तीन दिवसात पुरळ गेलं बी अन् आम्ही विसरलो बी. तपासणीच्या कार्डावर वजन, बीपी, हिमोग्लोबिन सगळं आहे, पुरळ आलं होतं हे कुठंच नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

दिवाळीत गल्लीत लड फुटली, शेजारची लेकरं दचकून रडाय लागली अन् हा तीन महिन्यांचा पोट्टा शांत झोपलेला. आम्ही म्हटलं, मोठा धीट निघाला. मग एक दिवस अंघोळ घालताना आईला त्याच्या बुबुळात पांढरं दिसलं, दुधाचा थेंब पडल्यासारखं. जन्मताच मोतीबिंदू, अन् दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. डोळ्यांच्या मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला, दिवस गेल्यावर अंगावर पुरळ आलं होतं का?

रुबेला, म्हणजे जर्मन गोवर. बाईला साधा ताप वाटतो, पण पहिल्या तीन महिन्यात झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय धरतो. हे काही काल समजलेलं नाही, ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं १९४१ मध्येच मोतीबिंदूची बाळं पाहून ओळखलं होतं. झाल्यावर औषध नाही. लस आहे.

आता माझा मुद्दा. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, शाळाशाळांत टोचलं, चांगलं काम झालं, मान्य आहे. पण वय होतं ९ महिने ते १५ वर्षं. तेव्हा ज्या पोरी सोळा-सतराच्या होत्या त्या आज बाळंतपणाच्या वयात आहेत, त्यांना कोणी बोलावलंच नाही. वहिनी त्यातलीच. अन् ही जिवंत विषाणूची लस, गरोदरपणात देत नाहीत, घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे बाई एएनसीला, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीला, आली तेव्हा उशीर झालेला असतो साहेब, तिथं लस म्हणून धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन मिळते, रुबेलाचं नाही.

मग द्यायची कधी? कॉलेजात द्या, नर्सिंगच्या, आयटीआयच्या पोरींना द्या, अन् पहिलं बाळंतपण झालं की सुट्टी द्यायच्या आधी वॉर्डातच द्या, अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते ही लस. दुसऱ्या लेकरासाठी तरी ती वाचते. मी बहिणीसाठी एका सरकारी दवाखान्यात विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, ही लहान लेकरांची आहे, मोठ्यांची नाही. शेवटी प्रायव्हेटमध्ये एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, टोचून आणली. ज्यांच्याजवळ पैसे नाही त्यांनी काय करायचं?

जाता जाता आणखी एक, आईकडून पोटातल्या बाळाला असाच लागणारा दुसरा रोग म्हणजे सिफिलीस, शरीरसंबंधातून पसरणारा. त्याच्यासाठी व्हीडीआरएल तपासणीचं रक्त घेतात, पण रिपोर्ट वेळेत बाईच्या हातात पडला पाहिजे. पॉझिटिव्ह निघाली तर पेनिसिलिननं बाळ वाचते, फक्त बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी द्यावं लागते, अन् नवऱ्यालाही उपचार द्यावाच लागतो, नाहीतर परत तेच.

अधिवेशन संपायच्या आत एवढं करा, एएनसी कार्डावर दोन ओळी वाढवा, "ताप-पुरळ आलं होतं का" अन् "रुबेलाची लस झाली का". अन् बाळंतपणाच्या वॉर्डात लस ठेवायचा जीआर काढा. पुतण्याचं ऐकायचं मशीन पुढच्या महिन्यात बसवतील, खर्चाचे कागद घेऊन मी विधानभवनाच्या गेटवर येतो, पास तेवढा काढून ठेवा.

आपला,
एक नागपूरकर काका