दिवाळीच्या सुट्टीत विदर्भाच्या टीमचा हिशोब, आणि पेपरात एक चौकट पाहिजे

संपादक साहेब,
नमस्कार आणि दिवाळीच्या शुभेच्छा.

सुट्ट्या आहेत, घरी चिवडा-चकल्या आहेत, पाहुणे येऊन-जाऊन राहिले आणि दरवर्षीसारखा यंदाही बैठकीत क्रिकेटचा विषय निघाला. पुण्याहून आलेला आमचा जावई विचारतो, "तुम्ही लोक महाराष्ट्राच्या टीमकडून काऊन नाही खेळत?" (काऊन हा त्यानं इथंच उचललेला शब्द, बाकी प्रश्न पुण्याचाच.) त्याला म्हटलं जावईबापू, विदर्भाची टीम 1957-58 पासून रणजी खेळून राहिली, आणि 2024-25 चा रणजी चॅम्पियन कोण ते जरा मोबाईलवर पाहा. त्यानं पाहिलं आणि गप चिवडा खाल्ला. पण त्याच बैठकीत आमच्या घरच्याच पोरांना कॅप्टनचं नाव विचारलं तर दोघांनी करुण नायर सांगितलं. अक्षय वाडकर, बेटा! आपल्या नागपूरचा पोरगा, त्याच्याच हातात कप होता. या पोरांना आयपीएलच्या दहाही टीमचे बॉलिंग कोच पाठ आहेत. म्हणून हे पत्र.

तर आधी हिशोब. 2024-25 च्या रणजी सीझनमध्ये आपली टीम एकही मॅच हरली नाही, क्वार्टर फायनलला तामिळनाडूला 198 रननं धुतलं आणि मग सेमीफायनल, मुंबईशी, जामठ्याला, म्हणजे आपल्या नागपूरच्या स्टेडियमवर. ही मॅच मला फायनलपेक्षा जास्त गोड लागली कारण 2024 ची फायनल याच मुंबईनं वानखेडेवर आपल्याकडून 169 रननं नेली होती, 538 चा पाठलाग करताना वाडकरनं सेंच्युरी मारली, हर्ष दुबे लढला, 368 पर्यंत गेलो, पण शेवटी हारलोच. ते सगळ्यांच्या मनात होतं. आणि जामठ्याला अर्धी पब्लिक आली होती सूर्यकुमारला पाहायला, खोटं कशाला बोलू. आपला पार्थ रेखडे, डावखुरा स्पिनर, कितीजणांनी त्याचं नाव तरी ऐकलं होतं तेव्हा, त्यानं एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्या आणि शिवम दुबे तिघांना घरी पाठवलं, सूर्या आणि दुबे तर शून्यावर. आधी एकदम सन्नाटा, सूर्याला पाहायला आलेले एकमेकांकडे पाहून राहिले, आणि मग तेच लोक सगळ्यात जोरात ओरडायला लागले. दुसऱ्या इनिंगला यश राठोडनं 151 मारले आणि मुंबई 80 रननं हारली.

फायनल केरळशी. पहिल्या दिवशी सकाळी 24 वर 3 गेले होते, लोक टिफिन उघडायच्या आधीच निराश. तिथून दानिश मालेवार आणि नायर यांनी 215 ची पार्टनरशिप केली, दानिशचे 153, वय एकवीस. केरळाकडून कोण खेळत होता? आदित्य सरवटे! 2019 ची फायनल ज्यानं सौराष्ट्राच्या 11 विकेट काढून आपल्याला जिंकून दिली, पुजाराला दोन्ही इनिंगमध्ये आऊट केला, तोच सरवटे समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये, आणि आपल्याच ग्राउंडवर आपल्याच विरुद्ध 79 मारून गेला. टाळ्या वाजवायच्या का नाही तेच कळेना, शेवटी वाजवल्या. मग सचिन बेबी 98 वर असताना रेखडेच्या बॉलवर उचलून मारायला गेला आणि बाउंड्रीजवळ नायरच्या हातात. तिथंच कप नागपुरात राहिला समजा. 342 ला ऑल आऊट, आपली 37 ची लीड, आणि दुसऱ्या इनिंगला नायरनं सेंच्युरी मारून मॅच ड्रॉ केली, पहिल्या इनिंगच्या लीडवर आपण चॅम्पियन. तिसऱ्यांदा. हर्ष दुबेच्या सीझनभरात 69 विकेट, रणजीच्या एका सीझनमध्ये इतक्या आजवर कोणीच काढल्या नाहीत. हा विक्रम नागपूरच्या पोराच्या नावावर आहे हे आमच्या गल्लीत किती घरांना माहीत असेल? करुण नायर आता परत कर्नाटकाकडे गेला, त्याचं वाईट वाटते पण राग नाही, विजय हजारे वनडे स्पर्धेत 779 रन करून आपल्याला फायनलला घेऊन गेला तो माणूस, फायनल हारलो ती त्याच्याच कर्नाटकाकडून, आता काय करता.

नंतर ऑक्टोबर 2025 मधली इराणी ट्रॉफी, म्हणजे रणजी चॅम्पियन विरुद्ध बाकी भारताची टीम. दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, अख्खं शहर दीक्षाभूमीच्या गर्दीत आणि सोनं वाटण्यात, आणि तिकडे जामठ्याला अकोल्याचा अथर्व तायडे 143 मारून राहिला होता. समोर कोण तर रजत पाटीदार, ऋतुराज, ईशान किशन! 93 रननं जिंकलो. इराणी आपण तीनदा खेळलो, तिन्ही वेळा जिंकलो. शेवटच्या दिवशी आपला यश ठाकूर आणि समोरचा यश धुल यांची तू-तू मैं-मैं झाली, मोबाईलवर तेवढीच क्लिप सगळीकडे फिरली, तायडेची सेंच्युरी कोणी फॉरवर्ड केली नाही.

बाकी थोडक्यात सांगतो. अमरावतीच्या जितेश शर्मानं मे 2025 मध्ये लखनौला 33 बॉलमध्ये नाबाद 85 मारले आणि बंगळुरूला पहिली आयपीएल मिळाली त्यात त्याचा चांगलाच हात आहे, त्याचं कौतुक पेपरात आलं, चांगलं केलं. त्याच अमरावतीची भारती फुलमाळी, भारताकडून खेळलेली पोरगी, डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे पोरींच्या आयपीएलमध्ये, गुजरातकडून सिक्स मारते, तिच्याबद्दल मात्र शोधून वाचावं लागते. दिव्या देशमुख जुलै 2025 मध्ये बटुमीहून महिला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप घेऊन आली तेव्हा पूर्ण पान होतं, ते मी कापून ठेवलं आहे. कबड्डीत आपली कोणती टीमच नाही प्रो लीगमध्ये, म्हणून आमच्या घरात अर्धे पुणेरी पलटणवाले आणि अर्धे यू मुंबावाले, भांडण फुकटचं. फुटबॉल मला फारसं समजत नाही पण कामठीला रब्बानी क्लबची मॅच असली की जी पब्लिक लाइनीला उभी राहते ती पाहण्यासारखी असते, स्कोर मात्र दुसऱ्या दिवशी पेपरात भिंग लावून शोधा.

आता मूळ मुद्दा, साहेब. टीम जिंकते तेव्हा तुम्ही छापता, फोटोही मोठा छापता, तक्रार नाही. तक्रार आधीच्या दिवसाची आहे. उद्या आपल्या घरच्या ग्राउंडवर मॅच आहे, ती सिव्हिल लाइन्सच्या जुन्या ग्राउंडला आहे का जामठ्याला, किती वाजता, कोणत्या गेटनं सोडतात, पैसे लागतात का फुकट, बॅग आणि पाण्याची बाटली चालते का, हे सामान्य माणसाला कळते कुठून? इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या मॅचचा टायमिंग रोज येतो, आपल्या ग्राउंडवरचा येत नाही. मागच्या सीझनला शेजारचे काका नातवाला घेऊन सिव्हिल लाइन्सला पोहोचले आणि मॅच जामठ्याला. मेट्रो खापरीपर्यंतच जाते, पुढं वर्धा रोडनं ऑटो करा नाहीतर लिफ्ट मागा. ते वैतागून बर्डीला तर्री पोहे खाऊन घरी आले. नातू खुश होता ते वेगळं.

कोणी म्हणेल आता सगळं मोबाईलवर असते. असते, पण ज्याला आधीच माहीत आहे तोच शोधतो. ज्या घरात पेपर येतो तिथला आजोबा सकाळी चहासोबत वाचतो की बुवा आज जामठ्याला रणजी आहे, एंट्री फुकट आहे, पोरांना सुट्टी आहे, चला. रिकाम्या स्टँडमध्ये पोरं अशीच येतील, आणि ग्राउंडवर वाडकर काय ओरडून राहिला ते बाउंड्रीवर बसून ऐकू येते, आयपीएलमध्ये ते मिळणार आहे का?

तर विनंती अशी की खेळाच्या पानावर एक छोटी चौकट सुरू करा, मॅचच्या आदल्या दिवशी. नाव तुम्हाला जे सुचेल ते द्या. त्यात विदर्भाची सीनियर टीम, पोरींची टीम, अंडर-19, आणि जागा उरली तर कामठीचा फुटबॉल, तालुक्याच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धा, एवढं टाका. ठिकाण, वेळ, तिकीट, बस कोणती जाते. जाहिरातीची अडचण असेल तर राशिभविष्य दोन ओळी कमी करा, आमच्या घरी कोणी तक्रार करणार नाही, बायको सोडून.

रणजी सुरू झालीच आहे. पुढच्या होम मॅचच्या आधी ही चौकट आली तर बरं होईल, आमच्या दोन्ही पोरांच्या शाळा दिवाळीनंतर उशिरा उघडून राहिल्या.

आपला,
एक जुना वाचक
प्रताप नगर, नागपूर